गुरुशांत सरांची चौकशी आणि तिला आलेला खर्च

बाळीवेस, सोलापूर
सोमवार, ता. ९ मार्च

तीर्थस्वरूप शिवशरणअण्णा यांस, अकलूज मुक्कामी, रेवणप्पाचे शरणु शरणार्थी.

तुम्ही म्हणाला होतात, "दाजी, तुम्ही सोलापुरातच हाय, त्या मास्तरची जरा चौकशी करून टाका की. फुकटात होईल." अण्णा, चौकशी झाली. ती चार हजार चारशे एक्कावन्न रुपयांना पडली. यात पेट्रोल धरलेलं नाही, आणि दोन दुपारी दुकान नोकरांवर सोडलं तेही धरलेलं नाही, कारण आपल्या माणसाच्या कामाला लागलेल्या वेळेचे कोणी पैसे मागत नाही. (मागत नाही. सांगून ठेवतो.) हा पैसा कुठे कुठे गेला ते पुढे ओघात येईलच. तुम्ही डेअरीत दुधाचं फॅट दोनदा बघितल्याशिवाय शेतकऱ्याला पावती देत नाही, तसंच हे पत्रही दोनदा वाचावं ही विनंती.

वहिनींच्या गुडघ्याला आता कसं आहे? तेल लावतात की नुसतं उशाशी ठेवतात? तुमच्या कानाचं मशीन दुरुस्त होऊन आलं का? फोनवर बोलायचं सोडून पत्र लिहितो आहे त्याला तेच मशीन कारण आहे. ते बंद पडल्यापासून तुमच्या घरचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि मी "अण्णा, एक खाजगी..." म्हटलं की मागून चार जण "हां, बोला" म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर ते सूनबाई तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवतात. ज्या पोरीच्या लग्नाचा विषय तीच शेजारी बसून ऐकणार, हे काही बरं नाही. इकडे सगळं क्षेम आहे. तुमच्या बहिणीची, पार्वतम्माची तब्येत उत्तम आहे, त्यामुळे माझी बेताची असते. ऊन आत्ताच असं आहे की शेंगदाणे कढईत टाकायच्या आधीच निम्मे भाजून होतात.

आता मूळ मुद्दा. गेल्या महिन्यात जो मुलगा आपल्या दानेश्वरीला बघायला आईला घेऊन अकलूजला आला होता, तो गुरुशांत. वय एकतीस, मूळ गाव केम, सध्या जुळे सोलापुरात दोन खोल्यांत भाड्यानं, हायस्कूलला मराठी शिकवतो. मुलगा पोरीला पसंत, वहिनींना पसंत, आणि तुम्ही "विचार करून कळवतो" म्हणून त्याला चहा पाजून लावून दिलंत, कारण तेवढ्यात पुण्याच्या कंपनीतल्या मुलाचं स्थळ आलं आणि त्याला म्हणे पॅकेज आहे. मी त्या दिवशी माल भरायच्या गडबडीत येऊ शकलो नव्हतो, त्यामुळे गुरुशांत मला ओळखत नव्हता, आणि म्हणूनच चौकशीला तुम्ही माझी निवड केलीत. शिवाय माझा कान. पस्तीस वर्षांपूर्वी सायकलला दोन डबे बांधून शेंगा चटणी विकायला निघालो तेव्हा भांडवल म्हणून माझ्याकडे हा एक कानच होता. कढईतल्या दाण्यांचा तडतडाट नुसता ऐकून कच्चे किती उरले ते मी पाठ फिरवून सांगतो. माणसाचंही तसंच. गिऱ्हाईक "बघून जातो" म्हणालं की ते परत येणार की नाही हे मला त्याच्या "जातो"वरून कळतं. हा कान पस्तीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही.

पगाराचं आधी उरकून टाकतो. त्याच्या शाळेला साठ टक्के अनुदान आहे. म्हणजे मुलं शंभर टक्के, तपासायच्या वह्या शंभर टक्के, निवडणुकीची कामं दीडशे टक्के आणि पगार साठ टक्के. हातात बावीस हजारांच्या आसपास पडतात, तेही महिना संपायच्या आत पडले तर शिक्षक एकमेकांना पेढे देतात. तुम्ही विचारलं होतं की एवढ्यावर संसार कसा चालेल. तोच प्रश्न सोलापुरातल्या पुष्कळ मास्तरांना पडला आणि त्यांनी तो सोडवूनही टाकला, हे मला या चौकशीतच कळलं. आमच्या बोळातले चित्रकलेचे सर रिक्षांच्या मागे नावं रंगवतात. पीटीचे सर सकाळी साहेबलोकांची पोटं कमी करतात. भूगोलाचे सर होटगी रोडला प्लॉट दाखवतात, आणि पूर्व-पश्चिम त्यांच्याइतकी खात्रीनं कोणी सांगत नाही. विम्याची एजन्सी तर शिक्षकाच्या बायकोच्या नावावर असतेच. (गुरुशांतनं बायकोच्या नावावर करायचे उद्योग अजून सुरू केलेले नाहीत, कारण बायको नाही. ही उणीव तुमच्या हातात आहे.)

तर, याच्या जोडधंद्याचा पत्ता मला कसा लागला ते ऐका. एका सकाळी दुकानात बसलो असताना रस्त्यावरून आवाज आला. "घरातील जुने पंखे, कुलर, पत्रे, रद्दी आम्ही योग्य दरात आणि योग्य वजनात घेतो." अण्णा, भंगारवाल्याची हाक मी जन्मभर ऐकत आलो, पण "योग्य वजनात" हा शब्द असा उच्चारला होता की मला माझाच काटा तपासावासा वाटला. बाहेर जाऊन बघतो तर आपल्या मौलाचा गाडा. हा मौला गेली वीस वर्षं आमच्याकडचे तेलाचे रिकामे डबे नेतो आणि त्याच्या स्वतःच्या आवाजाला कुत्री उत्तर देतात. आता तो गाड्यावर कर्णा बांधून गप्प बसला होता आणि कर्णा बोलत होता. विचारलं, तर म्हणाला, "सर का आवाज है सेठ. ढाई सौ दिया एक बार, साल भर से चिल्लारा. ना चाय मांगता, ना गला बैठता." कोण सर? "वो जुळे सोलापूरवाले, गुरुशांत सर. मेरे आवेज को पढाते." (आवेज म्हणजे मौलाचा मुलगा. नववीत आहे.) मग त्यानं दुसरं बटण दाबलं आणि तीच हाक कन्नडमधून आली. तिसरं दाबलं तर तेलुगूतून, पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीसाठी. चौथी दखनीत. गुरुशांतची घरची भाषा कन्नड, बाकीच्या तो वर्गातल्या पोरांकडूनच शिकला. मास्तर पोरांना एक भाषा शिकवतो आणि त्यांच्याकडून दोन घेतो, हा व्यवहार मला फार पटला.

मग मी गिऱ्हाईक बनून त्याच्या घरी गेलो. माझी चटणी जाहिरातीवाचून खपते हे तुम्हाला माहीत आहे, पण चौकशीला निमित्त लागतं. सकाळी साडेपाचला बोलावलं होतं, कारण नंतर रस्त्यावर गाड्या सुरू होतात. मला वाटलं मोठं यंत्र वगैरे असेल. यंत्र म्हणजे त्याच्या आईचं लोखंडी कपाट. कपाटाची दारं उघडायची, दोन्ही दारांवरून गादी टाकायची, मधल्या लुगड्यांच्या घड्यांत तोंड घालून मोबाइलवर बोलायचं. लुगडी आवाज शोषून घेतात म्हणे. मी चार पानं मजकूर लिहून नेला होता. त्यात माझा जीवनप्रवास होता, सायकल होती, दोन डबे होते. त्यानं तो शांतपणे वाचला, "फार प्रेरणादायी आहे" म्हणाला, घडी करून आदरानं मला परत दिला आणि कपाटात जाऊन एवढंच बोलला: "दाणे भाजलेले, लसूण कुटलेला, चव रेवणप्पांची. भाकरी तेवढी तुमची." अण्णा, मला स्वतःलाच भूक लागली. मी म्हटलं, सर, पण कडक भाकरीपण आमच्याकडेच मिळते की. तो म्हणाला, "मग तिचं वेगळं करू." अडीचशे आणि अडीचशे, पाचशे. मौलाला जो दर तोच मला. आजवर भंगारवाल्यात आणि माझ्यात कोणी भेद केला नाही तर मला राग यायचा, या माणसाचा आला नाही. आवाज वाजवायला आमच्या मालाच्या रिक्षावर कर्णा बसवला, त्याचे अठराशे पन्नास वेगळे.

चहा घेताना मी हळूच खडा टाकला. म्हटलं, सर, एवढी मेहनत कशाला, चार शिकवण्या घ्या की, घरबसल्या पैसे. त्यावर तो जे बोलला ते मी घरी येऊन कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. म्हणाला, "शिकवणं शाळेत विकून झालंय. तेच संध्याकाळी पुन्हा विकायचं तर सकाळी थोडं मागं ठेवावं लागेल. ते जमत नाही. आवाज आहे, अक्षर आहे, तीन-चार भाषा आहेत, ते माझं स्वतःचं आहे. ते विकतो." आणि हे सगळं शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, मुख्याध्यापकांना सांगून. मी दुकानदार माणूस. कुठला माल विकायचा हे पुष्कळांना कळतं. कुठला विकायचा नाही हे कळलेला मी दुसराच बघितला. (पहिला कोण ते नम्रतेनं सांगत नाही.)

निघताना तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "काका, राग मानणार नसाल तर एक सांगू? तुमच्या पाटीवर 'शुद्ध' चुकलंय." वीस वर्षं ती पाटी दुकानावर आहे. कलेक्टर तिच्याखालून गेले, आमदार गेले. मी त्याच दिवशी पेंटर बोलावला. नऊशे. माणूस पाय मोडल्याशिवाय इतका खर्च एका आठवड्यात करत नाही.

पण खरा प्रकार मला लग्नात कळला. गुरुशांत लग्नात माइकवर सूत्रसंचालन करतो आणि मंगलाष्टका रचून म्हणतो, हे तो बोलताना आलं होतं. म्हटलं, प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय अण्णांना कसं लिहायचं? अक्कलकोट रोडच्या एका मंगल कार्यालयात त्याचं काम होतं. ना वर ओळखीचा, ना वधू. मी आपला आहेराच्या टेबलावर दोनशे एक रुपये नावासकट लिहिले आणि मागच्या खुर्चीत बसलो. अक्षता बाराच्या होत्या, पावणेएक वाजला तरी पुढाऱ्यांचे आशीर्वाद चाललेले. एक साहेब वधूवरांना आशीर्वाद देता देता कारखान्याच्या निवडणुकीत शिरले आणि उसाच्या दरापर्यंत पोचले. मंडपात पोरं रडायला लागली, आचारी बाहेर येऊन बघून गेला. अशा वेळी साहेबांच्या हातातून माइक कोण घेणार? गुरुशांत पुढे झाला, वाकला आणि म्हणाला, "साहेबांचा आशीर्वाद इतका मोठा आहे की तो उपाशी पोटी पेलवणार नाही. राहिलेला आपण पंगतीत त्यांच्या शेजारी बसून घेऊ." टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात साहेबांनीच वाजवल्या.

तेवढ्यात मुलीचे मामा, करमाळ्याचे सिद्धलिंगप्पा म्हणून, चपला घालून निघाले. स्वागताच्या यादीत त्यांचं नाव पुकारायचं राहिलं होतं. आपल्याकडे माणूस पंगतीत वांग्याची भाजी संपली तर सोसतो, पण माइकवर नाव आलं नाही तर तीन पिढ्या बोलत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. (तुमचे आणि बार्शीच्या पाहुण्यांचे संबंध आठवा.) सगळे धावले. "अवो मामा, असं नगा करू." "सोडा मला! आमी काय हितं जेवायला आलो व्हय? घरी चूल हाय आमच्या!" त्या गोंधळात माइकवरून शांत आवाज आला: "ज्यांच्या हातून पहिली अक्षता पडणार, त्यांचं नाव आम्ही शेवटपर्यंत राखून ठेवलं होतं. वधूचे मामा सिद्धलिंगप्पा यांनी मंचावर यावं." मामा दारातून परत फिरले ते असे, की जणू चपला तपासायलाच गेले होते. नंतर मी विचारलं, नाव राहिलं कसं? तर म्हणाला, यादी वधूपक्षानं उशिरा दिली, त्यामुळे तपासायला वेळच मिळाला नाही. एरवी तो प्रत्येक नाव दोन्हीकडच्या घरी फोन करून विचारून घेतो. नाव चुकलं की लग्न मोडत नाही, माणूस मोडतो, असं त्याचं म्हणणं.

त्याच झपाट्यात त्याची नजर माझ्यावर पडली. "आपल्यात उपस्थित आहेत सोलापूरचे चटणी उद्योजक रेवणप्पा..." मला मंचावर नेऊन फेटा बांधला. वधूपक्षाला वाटलं मी वरपक्षाचा मोठा माणूस, वरपक्षाला वाटलं वधूचा चुलता. दोन्हीकडच्यांनी वाकून नमस्कार केला, आणि एका बाईनं "तुमी लई वाळलात की" म्हणून डोळेसुद्धा पुसले. फेटा घरी आणला आहे. पार्वतम्मानं विचारलं कुणाच्या लग्नाचा, आणि मला वधूवरांची नावं सांगता येईनात. तो दिवस सोडून देऊ.

आता माझ्या हातून जे झालं ते लिहितो. अण्णा, इथे जरा बसून वाचा.

मुलगा जवळून बघायचा तर आणखी एक भेट हवी होती. म्हणून गेल्या शनिवारी... गेल्या म्हणजे परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या शनिवारी मी त्याच्याकडे जाऊन खोटंच सांगितलं की आमच्या घरातल्या एका मुलीचं लग्न आहे, दहा मे, तारीख धरून ठेवा. त्यानं वही उघडली, दहा मे लिहिलं, हजार रुपये आगाऊ घेतले आणि पेन सरसावून म्हणाला, "नावं सांगा." मला वाटलं होतं एक मुलीचं नाव सांगितलं की झालं. पण मंगलाष्टकेला आजी लागते, आत्या लागते, मामा, काका, भाऊ, कुलदैवत, गाव, सगळं लागतं. अण्णा, लग्न खोटं सांगता येतं, नातेवाईक खोटे सांगता येत नाहीत. आम्हाला मुलगी नाही, तर ऐन वेळी माणसं आणू कुठून? तोंडात आली ती तुमचीच आली. वधू दानेश्वरी. वडील शिवशरण. आत्या पार्वतम्मा. आणि गाव विचारल्यावर मी, पस्तीस वर्षं व्यापार केलेला माणूस, सरळ अकलूज म्हणालो.

त्याचं पेन थांबलं. मग "बरं" म्हणून त्यानं अकलूज लिहिलं. मला तेव्हाही कळलं नाही. वराचं नाव विचारलं तेव्हा मी म्हटलं ते अजून ठरायचंय. "तारीख ठरली आणि मुलगा ठरला नाही?" "आमच्यात तसंच असतं," मी म्हणालो. तुम्ही हसाल, पण माणूस एकदा खोटं बोलायला लागला की शहाणपणाचं काही सुचत नाही. जिना उतरता उतरता मला उजेड पडला, की हा मुलगा महिन्यापूर्वी ज्या पोरीला बघून आला आणि ज्या घरून "कळवतो" एवढंच ऐकून आला, तिच्याच लग्नाची तारीख मी त्याच्याच वहीत त्याच्याच हातानं लिहवून घेतली. आणि मंगलाष्टका रचायचं कामही त्यालाच दिलं. गाडी सुरू करायला मला तीन वेळा किक मारावी लागली.

दुसरा कोणी असता तर पैसे तोंडावर फेकले असते. त्यानं बुधवारी बोलावलं आणि रचना म्हणून दाखवली. आठच्या आठ. एक ओळ माझ्या लक्षात राहिली ती देतो:

आत्या पार्वति लोचने भरुनिया पाही मुलीला उभी

(हे पार्वतम्माला वाचून दाखवलं. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "लई सुंदर हाय. पण सगळे बसल्यात आणि मी एकटीच उभी व्हय? मला खुर्ची न्हाय?") तुम्हाला त्यात कल्पवृक्ष म्हटलेलं आहे, दुधाचा उल्लेख आहे, भेसळीचा नाही. वहिनी आहेत. मीसुद्धा आहे, पाचव्यात. आणि आठव्यात वराच्या नावाच्या ठिकाणी त्यानं जागा मोकळी सोडली होती. गात गात तो त्या जागेशी आला, आणि अण्णा, त्याचा आवाज कापला. क्षणभरच. त्यानं तोंड फिरवलं, खिडकीकडे बघितलं, खोकल्यासारखं केलं आणि "शुभमंगल" गाठलं. बाहेरच्या कुणाला कळलं नसतं. पण माझा कान. दाणा तडकला की मला कळतो, आणि तो आवाज तडकल्याचा होता. मी मान खाली घालून बाहेर आलो. चपला कुणाच्या घातल्या ते घरी आल्यावर कळलं.

चार दिवस माझं जेवणात लक्ष नाही. ज्या माणसानं भर मंडपात दुसऱ्याच्या मामाचा मान राखला, त्याच्या जिवाला मी चौकशीच्या नादात चटका दिला. मी खोटं बोललो म्हणून आता जाऊन सांगायचं तर, लग्न खोटं होतं हे खरं, पण तुमचा होकार कुठे आहे? नुसतं "ते लग्न ठरलेलं नाही, तुमचंही ठरलेलं नाही" असं सांगायला जायचं? म्हणून तुम्हाला मनापासून लिहितो. पुण्याच्या मुलाला पॅकेज असेल, आणि चांगला असेल बिचारा. पण पॅकेज कंपनी देते आणि कंपनीच काढून घेते. याचं कपाट कोण काढून घेणार? शाळेचा पगार दोन महिने आला नाही तर हा माणूस अक्षरावर जगेल, आवाजावर जगेल, आणि ज्या घरात जाईल तिथल्या रुसलेल्या माणसाला जेवायला परत आणून बसवेल. दानेश्वरी तुमच्या डेअरीचे कागद बी.कॉम. झाल्यापासून एकटी बघते. त्याच्याकडे कामं भरपूर आणि ती मांडून ठेवणारं कोणी नाही, पावत्या गव्हाच्या डब्यात. दोघं मिळून काय करतील याचा मी विचार करतो तेव्हा मला धंद्यातला माणूस म्हणून जरा हेवा वाटतो. मी स्वतःच्या हिमतीवर वर आलो असं जन्मभर सांगत आलो. पण माझ्या पाठीशी निदान शेंगदाणा होता. याच्या पाठीशी एक फळा आहे.

तरी आपला होकार कळवावा. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, दानेश्वरीला काही सांगू नये.

आपला,
रेवणप्पा

ता. क. होकार नुसता कळवून भागणार नाही. येत्या रविवारी तुम्ही आणि वहिनी सोलापूरला येत आहात असं मी गुरुशांतच्या आईला, सावित्रम्मांना, कालच सांगून बसलो आहे. त्यांनी थालीपीठाचं सामान आणायला घेतलं आहे. पुण्याला नकार त्याआधी कळवावा. तारखेची काळजी नको. दहा मे आपल्या नावानं वहीत आहेच, शाळेला सुट्टी आहे, आणि मंगलाष्टका तयार आहेत.

ता. क. दुसरं. आगाऊ दिलेले हजार परत मिळणार नाहीत. त्याचा तसा नियम आहे, आणि नवरदेव स्वतःच झाला तरी नियम बदलणार नाही असं त्याच्याकडे बघून वाटतं. शिवाय त्या दिवशी त्याला माइकवर उभं राहता येणार नाही, म्हणजे दुसरा माणूस बघावा लागेल. एकूण खर्च निम्मा-निम्मा धरू. दोन हजार दोनशे पंचवीस पाठवावेत, वरचे पन्नास पैसे मी सोडले.

ता. क. तिसरं. पाकीट चिकटवायच्या आधी पार्वतम्मानं पत्र वाचलं आणि खुर्चीत बसून हसत सुटली. वर लिहिलेलं खोडणं बरं दिसत नाही म्हणून तसंच ठेवतो. दानेश्वरीनं तिच्या आत्याला सगळं आधीच सांगितलेलं आहे. नावं तपासायला गुरुशांतनं रचना म्हणून दाखवायच्या दोन दिवस आधी अकलूजला फोन केला होता, तो घरात दुसरं कोणी नसताना तिनंच उचलला, आणि "वर ठरलेला नाही" असं सांगून गेलेला चटणीवाला माणूस कोण हे तिनं ताबडतोब ओळखलं. बुधवारी माझ्यासमोर त्याचा आवाज कापला तो हसू दाबताना.